छोटं पिस्तूल भरवशाचं आहे, हे कसं ठरवायचं?

'५० गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही!' अमेरिकन पिस्तुलांच्या रिव्ह्यूमध्ये हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला हे टेस्टिंग अपुरं वाटतं.

२०१५ साली आलेलं ग्लॉक ४३ घ्या. ९ मिमीचं, मॅगझिनमध्ये फक्त ६ गोळ्या. पिस्तूल लहान म्हणजे वरची स्लाइड हलकी, तिचा प्रवासही आखूड. त्यामुळे पुढची गोळी वर चढायला वेळ कमी मिळतो. त्यात पकड सैल असेल तर अख्खं पिस्तूलच मागे ढकललं जातं, स्लाइड पुरेशी मागे जात नाही आणि गोळी अडकते. म्हणून मूठ हातात नीट बसते का, बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचतं का, हा फक्त आरामाचा प्रश्न नाही.

आता गणित. संख्याशास्त्रातला 'तीनचा नियम' सांगतो: सगळ्या चाचण्या बिनचूक गेल्या, तर ३ ला चाचण्यांच्या संख्येने भागा. बिघाडाचं प्रमाण जास्तीत जास्त तेवढं असू शकतं, हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ५० गोळ्यांना ६ टक्के, ३०० गोळ्यांना १ टक्का. जिवाचा प्रश्न असेल तिथे ६ टक्के खूप झाले! आणि चाचणी त्याच हाताने, त्याच प्रकारच्या गोळ्यांनी हवी.

फोनचा रिव्ह्यू बघतानाही हेच विचारा: किती वेळा तपासलं, आणि कोणाच्या हातात?