सफाई झाली, तरी गाडी का रुसली?

बालमित्रांनो, बाबांनी कालच फटफटीचा कार्बोरेटर साफ करून आणला. आज मात्र गाडी किकवर किक मारूनही फुर्र करते नि गप्प बसते! शेजारचे काका म्हणतात, "इंजिनच गेलं, खोलावं लागणार." इंजिन खोलायचं म्हणजे महिन्याच्या घरखर्चाला खीळ. शिवाय संकेश्वर-बांदा रस्त्यावर, आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना भर पावसात गाडी बंद पडली तर? म्हणून घाई न करता आपण गुप्तहेरासारखा तपास करू या.

आधी एक प्रयोग. पेल्यातल्या पाण्यात सरबताची नळी उभी धरा. तिचं वरचं टोक पाण्याच्या थोडंसंच वर असू द्या. दुसऱ्या नळीने त्या टोकावरून आडवी, जोराची फुंकर मारा. पाणी वर चढतं नि त्याचे तुषार उडतात! वेगानं जाणाऱ्या हवेमुळे तिथला दाब कमी होतो. कार्बोरेटरचंही असंच आहे. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून वेगानं जाते आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल खेचून घेते. तुषार उडवणारा असा कार्बोरेटर जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास बनवला.

आता गंमत बघा. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! हे प्रमाण बिघडलं की गाडी रुसलीच.

प्रमाण कुठल्या बाजूला बिघडलं, हे गाडीच सांगते. चोक ओढल्यावर गाडी बरी चालली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. स्लो जेटमध्ये कचरा अडकला असेल, नाहीतर कार्बोरेटर बसवताना पॅकिंग फाटलं किंवा नट ढिले राहिले असतील. याउलट चोक ओढल्यावर गाडी आणखी गुदमरली, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त जातंय. मग फ्लोट नीट बसलाय का, चोक अडकला नाही ना, हे मेस्त्रींनी पाहावं.

दुसरा साक्षीदार प्लग. त्याचं टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर कमी.

पण त्याही आधी सोपं ते पाहा. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? प्लगची टोपी घट्ट आहे का? एअर फिल्टरची नळी जोडायची राहिली नाही ना? नियम लक्षात ठेवा: ज्याला शेवटचा हात लागला, तिथेच पहिल्यांदा शोधा. कालपर्यंत बरं असलेलं इंजिन एका रात्रीत सहसा जात नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार स्क्रू एकदम फिरवले तर दोष कुठला होता, ते कधीच कळणार नाही. गणितात चूक शोधतानाही आपण एकेक पायरीच तपासतो, नाही का?

मात्र बरं का, पेट्रोल म्हणजे आगीशी खेळ. स्क्रूला हात मोठ्यांनीच लावायचा. तुम्ही डोळे नि कान वापरा. बंद खोलीत गाडी चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो. आणि जेटमध्ये तार घालू देऊ नका. छिद्र मोठं झालं तर प्रमाण कायमचं बिघडतं. हवेच्या दाबानं ते साफ होतं.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांमध्ये कार्बोरेटरच्या जागी बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आलं. तरी जुन्या गाड्या आपल्या गावात अजून आहेतच. तेव्हा गाडी रुसली की मेस्त्रींना नुसतं "बिघडली" म्हणू नका. "काका, चोक ओढला की बरी चालते," एवढं सांगा. त्यांचं निम्मं काम हलकं होईल!