यंदाची रॉक्सी कोण?

न्यूयॉर्कच्या ॲम्बॅसडर थिएटरमध्ये ‘शिकागो’ पाहायला बसलं की नजरेत सगळ्यात आधी भरतो तो वाद्यवृंद. तो खाली खड्ड्यात नसतो, थेट रंगमंचाच्या मधोमध चढत्या पायऱ्यांवर बसलेला असतो. बाकी नेपथ्य म्हणजे काही खुर्च्या आणि बाजूच्या शिड्या. कपडे बहुतेक काळे. 1996 साली सिटी सेंटरमध्ये या संगीतिकेचे मोजकेच प्रयोग झाले होते, ते गाजले म्हणून ती त्याच काटकसरीनिशी ब्रॉडवेवर आली आणि अजून चालू आहे. अशा नाटकात नवीन काय दाखवणार? निर्माते वाइसलर दांपत्याने नामांकित चेहरे आणून भूमिकेतला माणूसच बदलायला घेतला. मेलनी ग्रिफिथ, ब्रुक शील्ड्स, गायक अशर, 2022 मध्ये पॅमेला अँडरसन. प्रत्येकाचा मुक्काम थोड्या आठवड्यांचा, आठवड्याला आठ प्रयोग.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण एखाद्या प्रयोगात गोष्ट बाजूला ठेवून फक्त कोण किती नाचतंय एवढंच पाहावं. गोष्टीत खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या दोन बायका आहेत, रॉक्सी आणि वेल्मा. अंगाची खरी कसोटी वेल्माची. पहिलं गाणं तिचं, पुढे दोन माणसांची कसरत एकटीने करून दाखवायची तीही तिनेच. म्हणून वेल्मा बहुधा कसलेली नर्तकी असते. तुरुंगातल्या मामा मॉर्टनला भारदस्त उभं राहून गायचं असतं. तिथे अभिनेत्री सोफिया व्हर्गारा येऊन गेली. वकील बिली फ्लिनची एंट्री पिसांचे पंखे हलवणाऱ्या मुलींच्या घोळक्यातून होते. नाच मुलींचा, टाळी त्याची. लंडनमध्ये ही भूमिका जेरी स्प्रिंगरनेही केली. टीव्हीवर लोकांची भांडणं लावणाऱ्या माणसाला खटल्याचा तमाशा करणारा वकील दिला, तेव्हा निवडणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आणि रॉक्सी. पत्रकार परिषदेच्या गाण्यात ती बिलीच्या मांडीवर बोलक्या बाहुलीसारखी बसते. ओठ तिचे हलतात, आवाज बिली काढतो. तिच्या नावाच्या गाण्याआधी ती प्रेक्षकांशी भरपूर गप्पा मारते, मग मागून पुरुष नर्तक येतात आणि तिला सावरून घेतात. गळा बेताचा असला तरी या जागा निभावतात. हवा असतो तो प्रेक्षकाला डोळ्यांनी धरून ठेवण्याचा सराव, आणि कॅमेऱ्यापुढे आयुष्य काढलेल्यांकडे तो असतो. ग्रिफिथचं गाणं-नाचणं कच्चं असूनही ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने तिला वाखाणलं, ते काही उगीच नाही.

पळवाट नसलेली जागा शेवटी येते. ‘हॉट हनी रॅग’ या नाचात रॉक्सी आणि वेल्मा शेजारीशेजारी तेच नाचतात. मी पाहिलेली एक नामांकित रॉक्सी इथे अर्ध्या मात्रेने मागे होती, आणि तिची वेल्मा तिला झाकायला स्वतःच्या हालचाली किंचित आखडत्या घेत होती. तिकीट रॉक्सीच्या नावावर खपलं होतं. त्या रात्री मी पाहत राहिलो वेल्माला.

मूळ गोष्टच प्रसिद्धीच्या हावेची आहे. मॉरीन वॉटकिन्स या बातमीदार बाईने 1924 मध्ये शिकागोत खुनाचा आरोप असलेल्या दोन बायकांच्या बातम्या दिल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना पार नट्या करून टाकलं, आणि दोघीही सुटल्या. वॉटकिन्सने त्यावर नाटक लिहिलं, त्याचीच पुढे संगीतिका झाली. त्यामुळे नावावर आलेली रॉक्सी खटकण्याऐवजी खपून जाते. प्रसिद्धीशी संबंध नसलेल्या ‘लायन किंग’मध्ये ही युक्ती चालणार नाही. 1975 च्या मूळ निर्मितीतही रॉक्सी करणारी ग्वेन व्हर्डन आजारी पडली तेव्हा तिच्या जागी लायझा मिनेली काही आठवडे उभी राहिली होती, पण ती गाण्या-नाचण्यात मुरलेली. आपल्याकडे ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या 1921 च्या संयुक्त प्रयोगाला लोक बालगंधर्व आणि केशवराव भोसले या नावांसाठीच लोटले, पण ती नावं गळ्यानेच मिळवलेली होती.

अशा बदली कलाकाराची तालीम बहुतेक वेळा मूळ दिग्दर्शकाकडे होतच नाही. नृत्यप्रमुख आणि रंगमंच व्यवस्थापक पियानोवर जागा बसवून घेतात. सगळ्या संचाबरोबरची तालीम अगदी शेवटी, बऱ्याचदा एकच. म्हणजे पाहुण्याच्या चुका अंगावर घेण्याची तयारी बाकीच्यांनी आधीच ठेवलेली असते. ब्रॉडवेच्या रिवाजानुसार शीर्षकाच्या वर नाव असलेला कलाकार आला नाही तर पैसे परत मागता येतात. नर्तकांच्या ताफ्यातलं कोणी आलं नाही तर कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी सरकवतात. दोन ताऱ्यांच्या मधल्या आठवड्यांत शार्लट डांब्वाझ किंवा बियांका मारोकीन रॉक्सी करून गेल्या आहेत, दोघीही नाचात वाढलेल्या. मी तिकीट काढतो ते अशाच आठवड्यांचं.