लवंग न घालता लवंगेचा वास: बेल्जियन पेल एल कशी जोखायची?

बेल्जियन पेल एल म्हणजे तांबूस-सोनेरी, मध्यम ताकदीची बिअर. अँटवर्पची ‘डे कोनिंक’ हे तिचं प्रसिद्ध उदाहरण. या प्रकारच्या बिअरमध्ये बिस्किटासारख्या माल्टच्या मागून फळांचा आणि कधीकधी मिरी-लवंगेचा हलका वास येतो. मसाला तर घातलेला नसतो! मग हा वास कुठला?

हे काम यीस्टचं. बार्लीत फेरुलिक आम्ल असतं. काही यीस्ट त्यापासून ४-व्हिनाइल ग्वायाकॉल बनवतात. लवंगेतल्या युजेनॉलशी या रेणूचं जवळचं नातं आहे, म्हणून आपल्याला लवंग आठवते. बेल्जियममधल्याच केव्हिन व्हर्स्ट्रेपन यांच्या गटाने सहकाऱ्यांसोबत १५७ यीस्टचे जीनोम वाचले (२०१६). बहुतेक बिअर-यीस्टमध्ये यासाठी लागणारी जनुकं बिघडलेली निघाली. हा वास नको असलेल्या ब्रुअरनी पिढ्यान्‌पिढ्या नकळत तशीच यीस्ट निवडली होती.

आता खरा मुद्दा. पिल्सनर लागरमध्ये हाच रेणू दोष ठरतो आणि इथे, बेताने असला तर, गुण. म्हणजे चांगलं-वाईट एकटा रेणू ठरवत नाही; तो कुठे आणि किती आहे, हेही बघावं लागतं.

म्हणून चाखताना ‘आवडली का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. ग्लास अगदी बर्फगार नको, कारण थंडीत वासाचे रेणू कमी उडतात. आधी वास घ्या. मग घोट घ्या, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. ज्याला आपण ‘चव’ म्हणतो, त्यातला मोठा भाग तेव्हाच कळतो. काय जाणवलं आणि किती, ते लिहा: टोस्ट, संत्रं, मिरी, कडवटपणा. लवंगच सगळ्यांवर कुरघोडी करत असेल, तर या शैलीत तोल गेला. बीजेसीपी या परीक्षक-संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यात वासाला १२, चवीला २० आणि दिसण्याला फक्त ३ गुण आहेत, ते उगाच नाही.

‘पण हे सगळं व्यक्तिनिष्ठच ना?’ पूर्णपणे नाही. त्याच गटाने २०२४ मध्ये २५० बेल्जियन बिअरचे २००हून अधिक रासायनिक गुणधर्म मोजले, १६ प्रशिक्षित लोकांकडून त्या चाखून घेतल्या आणि १,८०,०००हून जास्त ऑनलाइन अभिप्राय जोडले. या माहितीवर तयार केलेली संगणकी मॉडेल रसायनांवरून चव आणि पसंती बऱ्यापैकी ओळखू लागली. पण मॉडेलला शिकवायला आधी माणसांनी चाखून नोंदी करणं भागच होतं. यंत्राचा गुरू शेवटी नाकच!