काचेतल्या समुद्राचा जमाखर्च

संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी या नद्या एकत्र येतात आणि पाणी जयगडच्या खाडीकडे निघतं. पावसाळ्यात ते तांबडंलाल असतं. सह्याद्रीच्या उतारावरची माती, कुजलेला पाला, भातखाचरांतलं खत, गावोगावचं सांडपाणी असं सगळं पोटात घेऊन ते समुद्राला मिळतं. त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि त्यांच्यावर पुढे मासळी. कोकणच्या मासळीबाजाराची श्रीमंती बरीचशी या गढूळपणाची कमाई आहे.

प्रवाळांना मात्र हे फारसं मानवत नाही. मालवणच्या खडकांवर काही चिवट जाती तग धरून आहेत. प्रवाळांचा भरला संसार पाहायचा तर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर जावं लागतं. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही.

घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याला हाच प्रश्न दोनशे लिटरांत सोडवायचा असतो. सुरुवात मात्र कायद्यापासून करायला हवी. २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं, घरात बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशातल्या टाक्यांचे व्हिडिओ बघून मालवणच्या खडकाकडे हात नेऊ नये. इथल्या हौशी माणसाने कृत्रिम खडक, शेवाळ आणि रीतसर विकत घेतलेले मासे यांवर भागवावं. पाण्याचं रसायन त्यांनाही तेच लागू आहे.

नवी टाकी भरली की तिच्यात लगेच मासे सोडायचे नसतात. आधी जिवाणूंची वस्ती बसवावी लागते आणि त्यासाठी कोळंबीचा एक कच्चा तुकडा पुरतो. तो कुजतो, पाण्यात अमोनिया तयार होतो. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन अमोनिया तपासायच्या किटमधले थेंब टाकले की पिवळा रंग हिरव्याकडे झुकतो. मग जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. इथे घाई अंगाशी येते, कारण समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा मोठा हिस्सा विषारी रूपात राहतो.

जिवाणूंचं हे काम नायट्रेटपाशी अडतं. खडकाच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. पण मासे जास्त आणि खडक कमी असेल तर शिल्लक वाढत जाते. मग पाणी बदलायचं, असा सल्ला कुणीही देतो. त्याचं गणित मात्र निराश करणारं आहे. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅम असेल आणि पाचवा हिस्सा पाणी बदललं, तर ते १६ वर येतं. तेही नवं पाणी निर्मळ असेल तर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळांच्या टाकीत, ते २ ते १० असावं अशी अपेक्षा. म्हणजे माणसाला बिनधास्त पिता येईल असं विहिरीचं पाणी टाकीत घाण वाढवू शकतं. त्यामुळे आरओचं पाणी घेऊन त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने समुद्री मिठाचं तयार मिश्रण विरघळवणं बरं. रत्नागिरीहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायची युक्ती हिवाळ्यात जमेल, पण जुलैत भाट्याच्या खाडीजवळून भरलेल्या कॅनमध्ये नदीच जास्त असेल.

फॉस्फेट त्याहून लबाड. ते बहुतेक खाद्यातून येतं. गोठवलेलं खाद्य वितळल्यावर जे पाणी सुटतं ते टाकीत न ओतता गाळून फेकलं तरी थोडा फरक पडतो. शिवाय फॉस्फेट खडकाला चिकटून बसतं. लोहयुक्त दाण्यांचा गाळणीथर लावून पाण्यातलं उतरवलं की खडक साठवलेलं हळूहळू सोडू लागतो आणि आकडा पुन्हा वर येतो. मालकाला वाटतं, दुकानदाराने फसवलं. फॉस्फेट फार झालं की शेवाळ माजतं आणि प्रवाळांचा सांगाडा नीट बांधला जात नाही. ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान ते ठेवतात.

एवढं ऐकून शून्याचा हट्ट धरणारेही असतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपवलं की प्रवाळांच्या अंगातली शेवाळं उपाशी पडतात, प्रवाळ फिके होतात आणि मोकळ्या झालेल्या वाळूवर डायनोफ्लॅजेलेटांची तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेली शेंबडासारखी साय चढते. ती हटवणं शेवाळ हटवण्यापेक्षा अवघड. खऱ्या रीफवरच्या पाण्यातही हे क्षार अगदी कमी असतात, हे खरं. पण तिथे लाटेबरोबर सतत प्लवक येत असतं. टाकीत ते कुठून येणार? कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं १०६:१६:१ हे गुणोत्तर अल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या समुद्री प्लवकाच्या अभ्यासातून आलं. हौशी मंडळी ते मंत्रासारखं जपतात. वास्तविक ते प्लवकाच्या घडणीचं वर्णन आहे, टाकीच्या पाण्यासाठी औषधाची चिठ्ठी नव्हे.

खर्चाच्या बाजूला आणखी दोन साधनं आहेत. प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांवर सेंद्रिय घाण चिकटवून फेसाबरोबर वर काढतो. त्याच्या पेल्यात जमणारा काळपट, उग्र वासाचा रस बघितला की हा सगळा टाकीतच राहिला असता, हे पटतं. दुसरं साधन म्हणजे वोडका. रोज अगदी थोडे थेंब घातले की जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट घेतात आणि स्किमर त्यांनाच उचलतो. हात सैल सुटला तर पाणी दुधाळ होतं, प्राणवायू घटतो आणि सकाळी मासे वर आलेले दिसतात. (काजूची फेणी नको. साखर आणि वासाची द्रव्यं नसलेलंच मद्य लागतं.) त्यात पावसाळी रात्री लाइट गेली की पंप, स्किमर सगळंच थांबतं. प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंनाही मग धाप लागते. टाकीच्या किमतीपुढे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप स्वस्तच.

सगळ्यात सोपा उपाय कीटोमॉर्फा नावाच्या शेवाळाचा. शेजारच्या छोट्या कप्प्यात, रात्री दिवा लावून, त्याचा हिरव्या तारांचा गुंता वाढवायचा. तो नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात साठवतो, पण नुसता वाढून उपयोग नाही. महिन्यातून एकदा मूठभर उपटून टाकीबाहेर काढला तरच ते क्षार गेले म्हणायचं. काढलेलं शेवाळ परसातल्या माडाच्या बुंध्याशी टाकलं तरी चालतं, माडाला थोडं मीठ बाधत नाही.