स्फटिकवाढ (शालेय उपक्रम)

स्फटिकवाढ हा संपृक्त द्रावणातून तुरटी, मीठ किंवा साखर यांचे स्फटिक मिळवण्याचा कृतिप्रधान विज्ञान उपक्रम आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला असल्यामुळे तेथे हा उपक्रम परिसरातील खडकांच्या अभ्यासाशी जोडता येतो.

तत्त्व

स्फटिकात अणू, आयन किंवा रेणू यांची ठरावीक रचना सर्व दिशांना पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे मिठाचे स्फटिक घनाकार, तर तुरटीचे अष्टफलकाकार होतात. काच चकाकते, परंतु तिच्यात अशी नियमित रचना नसल्याने ती स्फटिक नव्हे. चकाकणारी प्रत्येक वस्तू स्फटिक असते, हा मुलांचा सर्वसाधारण गैरसमज या तुलनेने दूर होतो.

कृती

गरम पाण्यात तुरटीची पूड विरघळेनाशी होईपर्यंत मिसळून द्रावण गाळले जाते. ते बशीत ठेवल्यावर लहान स्फटिक तयार होतात. त्यांपैकी एक निर्दोष स्फटिक दोऱ्याला बांधून थंड झालेल्या संपृक्त द्रावणात टांगतात; यास बीजस्फटिक म्हणतात. द्रावण असंपृक्त राहिल्यास बीजस्फटिकच विरघळतो. एक भांडे थंड पाण्यात व दुसरे कापडात गुंडाळून ठेवल्यास फरक स्पष्ट होतो: जलद निवणाऱ्या द्रावणात पुष्कळ बारीक, तर सावकाश निवणाऱ्या द्रावणात थोडे पण मोठे स्फटिक मिळतात.

मिठाची विद्राव्यता तापमानानुसार फारशी बदलत नाही. १०० ग्रॅम पाण्यात सामान्य तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणून मिठाचे स्फटिक बाष्पीभवनाने मिळवावे लागतात. मुळशीच्या दमट पावसाळ्यात बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे हा प्रयोग हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करणे सोयीचे ठरते.

परिसराशी संबंध

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून दख्खनचा बेसाल्ट बनला. लाव्हा तुलनेने लवकर निवल्याने त्यातील बहुतेक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत मात्र पुढे खनिजयुक्त पाण्यातून गारगोटी, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट आदींचे मोठे स्फटिक वाढले. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत सापडणारे निळे कॅव्हन्साइट जगप्रसिद्ध आहे. दोन भांड्यांत दिसलेला फरक मुलांना अशा प्रकारे एकाच दगडात पाहता येतो.

दक्षता

मोरचुदाचे निळे स्फटिक आकर्षक असले तरी ते विषारी व जलचरांस घातक असतात. लहान मुलांच्या प्रयोगांत तुरटीच वापरावी. कोणतेही द्रावण चाखू नये. मोरचुदाचे द्रावण ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नये. नमुन्यांसाठी घाटातील दरडी वा खाणींच्या कडा न फोडता सुरक्षित जागी सुटे पडलेले दगडच पाहावेत.