खेकडा, ससा आणि ३५ मे

शाळेत आम्ही ‘च’ची भाषा बोलायचो. ‘मला माहीत नाही’ म्हणजे ‘चलाम चहीतमा चहीना’. शत्रुपक्ष एकच, बाई! चीनमधल्या नेटकरांचाही खेळ हाच, फक्त तिथे बाईंच्या जागी सरकार आहे.

सुरुवात तशी रोमँटिक. चॅटवर ५२० टाइप केलं की झालं ‘आय लव्ह यू’, कारण हे आकडे चिनीत ‘वो आय नी’सारखे ऐकू येतात. चिनी भाषेत एका उच्चाराचे ढीगभर शब्द. म्हणजे एक ब्लॉक झाला, की त्याचा जुळा भाऊ हजर!

२००४ मध्ये हू जिंताओंच्या काळात पक्षाने ‘सुसंवादी समाजा’ची घोषणा दिली. मग पोस्ट गायब झाली, की लोक म्हणायचे, ‘झाली सुसंवादी!’ या शब्दावरही नजर पडली. पण ‘सुसंवाद’ म्हणजे ‘हशिए’, आणि सूर जरासा बदलला की तोच नदीतला खेकडा! बिचारा सेन्सॉरचं चिन्ह होऊन बसला. पुढे आर्टिस्ट आय वेवेचा शांघायमधला स्टुडिओ पाडायचं ठरलं (आधी तिथल्याच अधिकाऱ्यांनी बोलावून बांधून घेतलेला!), तेव्हा नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने लोकांना चक्क खेकड्यांच्या पार्टीला बोलावलं. त्याला बीजिंगच्या घरात अडकवलं गेलं. पण शेकडो लोक आले आणि खेकडे खाऊन गेले. निषेधाची ही पद्धत आपल्या मालवणात नक्की चालेल. स्टुडिओ मात्र जानेवारी २०११ मध्ये पाडलाच.

२०१८ मध्ये ‘मी टू’ हटवलं जाऊ लागलं, तर मुलींनी भाताची वाटी आणि ससा टाकला. तांदूळ ‘मी’, ससा ‘तू’. मराठीत वाचलं तरी किती जवळचं! पण हा टाइमपास नव्हता. मुली स्वतःच्या प्राध्यापकांबद्दल बोलत होत्या.

आणि ३५ मे? मेचे ३१, वर ४. म्हणजे ४ जून १९८९, त्यानआनमेनची ती तारीख. तीही ब्लॉक झाली, तेव्हा लोक ‘आठाचा वर्ग’ म्हणू लागले. ६४, सहावा महिना, चौथा दिवस.

गोची अशी, की कोड हिट झाला की सेन्सॉरलाही कळतो. जुलै २०२२ मध्ये वेबोने अशा जुळ्या शब्दांवर कारवाई जाहीर केली, ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनेच मोहीम काढली. मला खटकतं ते वेगळंच. कोड फोडायला मूळ गोष्ट माहीत हवी ना? तिथल्या शाळेत ४ जून शिकवलाच जात नाही. विशीतल्या एखाद्या पोराला ३५ मे ही सरळ टायपिंगची चूक वाटेल.