संगणकालाही शेजपाळी हवी

नीरा डावा कालवा पुरंदर आणि बारामती तालुके ओलांडून इंदापुरात येतो, तेव्हा त्याचा प्रवास संपत आलेला असतो. बावडा आणि त्याच्या आसपासची गावे या तालुक्याच्या पूर्व टोकाची. वरच्या भागात कोणी पाळी सोडून दारे उघडले, तर टोकाच्या पिकाचे काय होते हे येथील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर गट पद्धत आणली, ती उसाची वाढती मागणी आणि कालव्याचे मर्यादित पाणी यांचा मेळ घालण्यासाठीच. आजही शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो, आवर्तन ठरते, शेजपाळी लागते. ही शिस्त पुष्कळदा मोडते, हे खरे. परंतु ती मोडली हे निदान सर्वांना कळते, कारण नियम सर्वांना ठाऊक असतो.

शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला नेमकी हीच शेजपाळी लाभलेली नाही. महसूल, कृषी, सहकार, शिक्षण अशा प्रत्येक खात्याला आपली योजना संगणकावर हवी असते, आणि तीही घोषणेच्या दुसऱ्या दिवशी. प्रत्येकाची मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर रास्तच असते. पण प्रणाली रचणारी माणसे, तपासणीला लागणारा वेळ आणि जुन्या नोंदींची शुद्धता या गोष्टी कालव्याच्या पाण्याइतक्याच मर्यादित आहेत. अर्थशास्त्राचा साधा सिद्धान्त असा, की ज्या वस्तूला किंमत नाही तिच्या मागणीला अंत नसतो. आणि जेथे किंमतही नाही व पाळीही नाही, तेथे अधिकार आणि घाई यांच्या जोरावर वाटप होते.

२०१७ च्या कर्जमाफीत याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला. त्या वर्षी २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपयांची आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ देणारी योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ व्हायची होती. मात्र त्यासाठी आधार क्रमांकासह संगणकावर अर्ज भरणे सक्तीचे होते. खरिपाची कामे सोडून शेतकरी सेवा केंद्रांपुढे रांगा लावून बसले. इकडे अर्ज येत होते आणि तिकडे पात्रतेचे निकष बदलत होते. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटण्यात आली; आणि लगेच याद्यांतील घोळ बाहेर आला. एकच आधार क्रमांक अनेक खात्यांपुढे दिसू लागला, बँकांच्या नोंदी आणि शासनाच्या याद्या जुळेनात. पुढे ही माफी लाखो खात्यांपर्यंत पोचली, हे नमूद केले पाहिजे. पण थकबाकीदाराला बँक नवे पीककर्ज देत नाही. म्हणून यादीत अडकलेल्या शेतकऱ्याला रब्बीच्या तोंडावर बियाण्याचा पैसा अन्यत्र शोधावा लागला. संगणकाच्या चुकीचे व्याज सावकाराच्या वहीत चढते.

त्या वेळी दोष यंत्राला देण्यात आला, विभागातील वरिष्ठ अधिकारीही बदलले. परंतु खरा प्रश्न यंत्राचा नव्हता. निकष निश्चित होण्याआधी प्रणाली का सुरू केली आणि तारीख कोणी, कशाच्या आधारे ठरवली, हा होता. ‘हे काम या मुदतीत होणार नाही’ असे अधिकाराने सांगणारा कोणी नसला, की सगळेच ‘होईल’ म्हणतात.

हा रोग केवळ आपला नाही. अमेरिकेत आरोग्य विम्याच्या नोंदणीचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. कंत्राटदार पन्नासाहून अधिक होते. संपूर्ण कामाचा धनी मात्र कोणी एक नव्हता. पैसा आणि तंत्र यांची वाण नसलेल्या देशाची ही कथा आहे.

महाराष्ट्र मात्र या धड्यातून काही शिकला. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतच्या थकबाकीची दुसरी कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा शेतकऱ्याकडून अर्जच मागवले नाहीत. बँकांनी आपल्या नोंदी द्यायच्या, शेतकऱ्याने फक्त अंगठा उमटवून आधारची खातरजमा करायची, एवढेच काम ठेवले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती अवघ्या ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. तेथे प्रणाली पारखून घेतल्यावर काही दिवसांतच २१ लाखांहून अधिक खात्यांची यादी प्रसिद्ध झाली. यंत्रे फार बदलली नव्हती. संगणकाकडे करायची मागणीच आधी छाटून, नेमकी करून दिली होती. टीकाकार म्हणतील, की अटी कमी असल्याने हे काम सोपे होते. परंतु मुद्दा तोच आहे. अटी कमी ठेवणे हा धोरणाचा निर्णय असतो, आणि त्याची किंमत प्रणाली रचण्यापूर्वी मोजायची असते.

तेव्हा मागण्यांची एक जाहीर नोंदवही असावी. कोणते काम कितव्या पाळीला आहे आणि कोणाच्या आदेशाने ते पुढे सरकले, हे तीत कोणालाही वाचता यावे. निकष पक्के झाल्याशिवाय कामाला हात लागू नये. प्रत्येक प्रकल्पाचा एकच उत्तरदायी अधिकारी असावा आणि त्याला नकार देण्याचा हक्क असावा. चार गावांत पारखल्याशिवाय कोणतीही प्रणाली राज्यभर लागू नये. यामुळे घोषणांचा वेग थोडा मंदावेल, हे खरे. पण लाभ पोचण्याचा वेग वाढेल.

कालव्याची परीक्षा धरणाच्या भिंतीवर होत नाही, शेवटच्या चारीवर होते. मंत्रालयात कळ दाबली त्या क्षणी योजना सुरू झाल्याचे जाहीर होते. बावड्याच्या शेतकऱ्याच्या खात्यावर बिनचूक आकडा उमटेल, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने सुरू झाली असे म्हणता येईल.